न वाजलेला भोंगा

चाळीस सालच्या डिसेंबरातला तो सामना आपण मैदानात बसून पाहिला असं सांगणारी माणसं आमच्या वॉशिंग्टनमध्ये इतकी भेटतात, की ती सगळी खरं बोलत असतील तर ग्रिफिथ स्टेडियमच्या छपरावरही माणसं बसवावी लागली असती. न्हाव्याकडे जा, गुत्त्यात जा, मयताला जा, कुणीतरी तो आकडा काढतोच. त्र्याहत्तर-शून्य. चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्याकडच्या फुटबॉलचं अजिंक्यपद, आपलंच मैदान, आपलीच माणसं, आणि शिकागोवाल्यांनी आपल्याला असं धुतलं की पिळायलाही काही उरलं नाही. हार लहान असली की माणूस लपवतो. एवढी थोरली असली की तिचीच ऐट करतो.

ऑर्विल ट्रॉस्ट मात्र या गप्पांत कधी पडायचा नाही. कुणी म्हटलं, "काय रे, तू तर बँडमध्ये होतास ना त्या दिवशी?" तर म्हणायचा, "होतो," आणि उठून दुधाच्या गाडीच्या घोड्याला पाणी दाखवायला निघून जायचा. पुढे घोडे गेले, दुधाच्या मोटारी आल्या, तरी उठून जायचाच. मग मोटारीला कसलं पाणी दाखवायचा ते त्यालाच ठाऊक.

आम्ही एकाच घरात राहायचो. वरच्या मजल्यावर ऑर्विल आणि त्याची बायको व्हर्ना, खाली मी. तो डेअरीची गाडी घेऊन दारोदार दूध घालायचा. मानेनं जाड, छातीनं रुंद, बोलायला मऊ. बाटल्यांचा आवाज होऊ नये म्हणून पायऱ्या बोटांवर चढणारा माणूस, आणि बँडमध्ये वाजवायचा काय, तर सगळ्यांत दांडगं वाद्य. ट्युबा त्याचं नाव, पण आम्ही सगळे त्याला भोंगाच म्हणायचो. अजगरानं माणसाला विळखा घालावा तसा तो अंगाभोवती बसतो आणि डोक्यावर पितळेचा आ वासून राहतो. मी त्याच्याच शेजारी उभा राहून छोटा ढोल बडवायचो. बँडमध्ये पगार नव्हता. डगला मिळायचा, पिसाची टोपी मिळायची आणि सामना फुकट बघायला मिळायचा. एवढ्यासाठी आम्ही हिवाळाभर ओठ फोडून घ्यायचो.

आमच्या संघानं चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, टचडाउन झालं, की आम्ही विजयाचं गाणं वाजवायचो. त्या गाण्याची सुरुवात एकट्या ऑर्विलची. सात सूर, तेही अगदी खालचे. जमिनीखालून कुणीतरी हाक द्यावी तसे. तेवढ्यापुरता सारा बँड मुका. मग आम्ही सगळे एकदम तुटून पडायचो. सामन्याच्या आधी, मध्यंतरात, आम्ही पुष्कळ काही वाजवायचो, पण त्या शंभर-दीडशे वाद्यांत ऑर्विलचा भोंगा कुठला आणि कुणाचा कुठला, हे देवालाही सांगता आलं नसतं. त्याचे स्वतःचे म्हणावेत असे सूर तेवढे सातच.

आणि ते सात सूर त्याच्या बापाच्या कानाच्या मापाचे होते.

बाप म्हणजे कॉन्राड ट्रॉस्ट. डोंगरातल्या कंबरलँड गावचा. रेल्वेच्या कारखान्यात बॉयलर बनवायचा. बॉयलरच्या पोटात बसून आतून रिवेट दाबून धरायचे आणि बाहेरून दुसऱ्यानं घण घालायचा, यात त्याची हयात गेली. असल्या माणसाचे कान जातात, पण एका वाटेनं जातात. बारीक आवाज आधी जातात. चिमण्या जातात, बायकांची बोलणी जातात, पोरांचं रडणं जातं. जाड, खोल आवाज तेवढे मागं राहतात. कॉन्राडला चर्चच्या पेटीचे खालचे सूर आणि घाट चढणारी मालगाडी एवढंच ऐकू यायचं. पोरानं हातोडा सोडून "वारा फुंकायचा धंदा" धरला म्हणून तो चिडलेला होता. वर्षानुवर्षं एकदाही ऐकायला आला नव्हता. शेवटी व्हर्नानंच खटपट केली. गाण्याची सुरुवात आता तुमचा मुलगा एकटा करतो, आणि सामना अजिंक्यपदाचा आहे, असं कळवून सासऱ्याला बोलावून घेतलं. आणि म्हातारा आला! काळा रविवारचा कोट, डोईवर फेल्ट हॅट आणि हातात लोणच्यातल्या अंड्यांची बरणी.

रविवारी सकाळी मी ऑर्विलला घ्यायला वर गेलो, तर व्हर्ना कुट्टूच्या पिठाची धिरडी उलटत होती आणि म्हातारा कोपऱ्यातल्या भोंग्यासमोर उभा. गाईच्या पाठीवर थोपटावं तसं त्यानं पितळेवर थोपटलं.

"वाजतं का रं हे, का नुसतंच घासायचं असतंय?" तो सगळंच ओरडून बोलायचा, आणि समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचा.

"दुपारी ऐका की, बाबा," ऑर्विल म्हणाला. बापाशी बोलताना त्याचीही भाषा डोंगराची व्हायची.

"दुपारी ऐकीनच. पर आत्ता वाजीव एकदा. हितं शांत हाय."

"आज न्हाई वाजवता येत."

"का? तोंड दुखतंय?"

ऑर्विल हसला. आमच्या बँडचा एक कडक रिवाज होता. सामन्याच्या दिवशी पहिलं टचडाउन होईपर्यंत ते गाणं कुणी वाजवायचं नाही. शिट्टीवर नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही. बाळ जन्मायच्या आत पाळणा म्हणू नये, तसं. मागं एकदा एका ट्रॉम्बोनवाल्यानं ट्राममध्ये ते गुणगुणलं आणि आम्ही सामना हरलो. त्या गरिबाला हंगामभर कुणी शेजारी बसू देईना.

"अपशकुन असतोय, बाबा. मैदानातच वाजवायचं."

"मी काय मैदानातला माणूस हाय व्हय रं?" म्हातारा म्हणाला. मग माझ्याकडं वळला, "ह्ये बघा, कारखान्याचा डाक्टर म्हणतोय, जे उरलंय ते बी चाललंय. मालगाडी आधी कानानं कळायची, आता भिंतीला हात लावल्यावर कळती. म्हणून तर आलोय."

"ऑर्विल, वाजव ना," व्हर्ना तव्यावरूनच म्हणाली. "हळू वाजव. कोण ऐकतंय?"

"अगं, तीन आठवड्यांपूर्वी ह्याच शिकागोला आपण हरवलंय. आज तीन-चार वेळा तरी वाजणार. बाबा, कंटाळाल तुम्ही! आणि नुसतं स्वैपाकघरात कशाला? सगळं स्टेडियम उठून उभं राहतं तेव्हा. ते बघा की."

म्हाताऱ्यानं भोंग्याकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि धिरड्यांकडं वळला.

ऊन छान पडलं होतं. थंडी अशी नव्हतीच. मैदान गच्च भरलेलं. शिकागोवाल्यांना, मागच्या हारीचं रडगाणं गायले म्हणून, गेले काही दिवस गावानं रडके म्हणून चिडवून सोडलं होतं. पुन्हा रडवायलाच लोक आले होते. व्हर्ना आणि म्हातारा बँडच्या अगदी मागच्या बाकावर. ऑर्विलनं मुद्दाम ती जागा मिळवली होती. मान वळवली की बाप दिसायचा.

सामना सुरू झाला, आणि आम्ही टोप्या नीट करतोय तोवर शिकागोचा एक गडी चेंडू घेऊन जो सुटला तो थेट रेषेपार. मैदान गपगार. त्या शांततेत मागून म्हातारा उठून उभा राहिला. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. रेषेपार गेला की पोरगा वाजवतो, एवढंच ठाऊक. हॅट काढली, कानामागं हात धरला आणि ओरडला, "आरं, वाजीव की आता!"

आसपासची डोकी गर्रकन वळली. "कोण रे हा शिकागोचा थेरडा?"

व्हर्नानं बाही धरून खाली बसवलं. हातवाऱ्यांनी सांगितलं, आपला नव्हे, त्यांचा.

"मग आपला कवा?"

पुढचा आमचाच व्हायचा होता. आमची गडी-मंडळी चेंडू पुढं पुढं नेत राहिली. लोक उठले. बँडचे प्रमुख पेटिंगिल साहेब, पेशानं शाळामास्तर आणि मिशीनं फौजदार, त्यांनी काठी वर केली. ऑर्विलनं तोंड लावलं, छाती भरून घेतली, गाल टम्म फुगवले. चेंडू हवेत गेला. आमचा गडी रेषेजवळ मोकळा होता, अगदी एकटा. चेंडू त्याच्या हातात आला आणि निसटला. सूर्य डोळ्यांवर आला म्हणतात. असेल.

ऑर्विलनं ती हवा नाकानं सोडली. मला शेजारी ऐकू आली. मागं पाहिलं तर म्हातारा पोराच्या गालांकडं टक लावून बसला होता, अजूनही फुगलेलेच आहेत अशा आशेनं.

त्यानंतर जे झालं ते गावाला पाठ आहे, मी काय सांगू? शिकागोवाले येत राहिले. शेतात डुकरं शिरावीत तसे येत राहिले. आणि त्यांचा गडी रेषेपार गेला की म्हातारा दर वेळी उठायचाच. त्याला वाटायचं, बहुतेक आता. एवढी माणसं आरडाओरडा करताहेत, म्हणजे आता. हॅट काढायचा, कानामागं हात धरायचा आणि बँडकडं वळायचा. आधी लोकांनी शिव्या दिल्या. मध्यंतरानंतर शिव्या द्यायलाही दम उरला नाही, तेव्हा गंमत सुरू झाली.

"म्हातारबा, बसा! तो बी त्यांचाच!"

"आजोबा, तुमचं नशीब शिकागोत राहिलंय बघा!"

कुणीतरी व्हर्नाला विचारलं, म्हातारा असं का करतोय. तिनं सांगितलं. बाकावरनं बाकावर ती गोष्ट पसरली. मग गमतीचा सूर बदलला. एका शेंगदाणेवाल्यानं म्हाताऱ्याला फुकट पुडी दिली. म्हाताऱ्यानं त्याला बरणीतलं अंडं दिलं.

टचडाउननंतर जादा गुणासाठी शिकागोवाले खांबांमधून जे चेंडू मारायचे, ते प्रेक्षकांत पडत. ज्याच्या हाती लागे तो ठेवून घेई. ती आमच्याकडची रीतच. होता होता चेंडूच संपत आले. पंचांनी शिकागोवाल्यांना विनवलं, बाबांनो, आता खांबांमधून मारू नका. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी सांगू लागलं, की पुढच्या हंगामाची तिकिटं आतापासूनच घेऊन ठेवा. सगळ्या मैदानानं अशी हुर्यो केली, की माझ्या ढोलाचं कातडं थरथरलं.

ती हुर्यो ओसरली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ए भोंगेवाल्या! वाजव रे! गेलं ते अजिंक्यपद मसणात. म्हाताऱ्यासाठी तरी वाजव!"

"वाजव! वाजव!" पाच-पन्नास माणसं ओरडू लागली.

मी म्हटलं, "ऑर्विल, वाजव. आता कशाचा अपशकुन होणार आहे?"

ऑर्विलनं पेटिंगिल साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मिशी ओढली, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी जरा त्या झेंड्याकडं बघतो. माझ्या पाठीमागं काय झालं ते मला कळत नाही." आणि खरंच वळून झेंड्याकडं बघत उभे राहिले.

ऑर्विलनं तोंडाशी भोंगा नेला. मागं म्हातारा उभा राहिला होता. या खेपेला त्याला कुणी बस म्हटलं नाही.

मी वाट बघत होतो. सगळेच.

त्यानं भोंगा खाली घेतला.

"असं नको," मला हळूच म्हणाला. "पहिल्यांदा ऐकणार ते, आणि हे असं? कीव म्हणून? लोकांना वाटेल चेष्टा करतोय. नाही, क्लेम. ऐकवायचं तर नीट ऐकवीन."

मागं म्हातारा थोडा वेळ उभाच होता. मग त्यानं हॅट डोक्यावर ठेवली.

सामना संपल्यावर ऑर्विलनं भोंगा बँडच्या ट्रकमध्ये चढवला. एरवी तो घरी न्यायचा. तो झोपेल तिथं त्याच्या उशाशी भोंगा. त्या दिवशी ट्रकमध्ये चढवला आणि स्वतः ताडपत्री ओढली. व्हर्नानं ते पाहिलं. घरी गेल्यावर भांडी आपटत म्हणाली, "सकाळी अपशकुन होता, दुपारी चेष्टा होती, आता भोंगाच नाही! वाजवायचं नव्हतं तर बोलावून कशाला घेतलं त्यांना?"

"तू बोलावलंस," ऑर्विल म्हणाला. एवढं वाईट बोललेलं मी त्याला त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही.

म्हाताऱ्याला भांडण ऐकू आलं नाही, पण भांडी आपटताना दिसली. सूप फुंकत म्हणाला, "जाऊ द्या. पोराचं तोंड बघा कसं उतरलंय. एवढी माणसं हारल्यावर कुणी वाजवंल का? आमच्यात बी बॉयलर फुटला की कुणी गाणं म्हणत न्हाई."

संध्याकाळच्या गाडीला आम्ही त्याला बसवून दिलं. गाडीच्या दारातून म्हणाला, "पुढल्या खेपंला ऐकीन, पोरा. त्या रडक्यांस्नी हरवून दाव आधी."

"वसंतात मीच येतो भोंगा घेऊन," ऑर्विल ओरडला.

"आं?"

"येतो! वसंतात!"

म्हाताऱ्यानं मान हलवली. ऐकू आलं म्हणून की गाडी हलली म्हणून, कोण जाणे.

वसंतात डेअरीतले दोन गडी आजारी पडले, ऑर्विलला त्यांच्याही गल्ल्या कराव्या लागल्या. मग व्हर्नाचं दाढेचं दुखणं निघालं. कारणं सगळी खरी होती. जून उजाडला तेव्हा माझ्या खटारा मोटारीच्या टपावर घोंगडीत गुंडाळून भोंगा बांधला आणि आम्ही दोघं कंबरलँडला निघालो. वाटेत पेट्रोलवाल्यानं विचारलं, "मयत नेताय का?" ऑर्विल हसला नाही.

म्हातारा दारातच भेटला. वाळला होता. त्यानं पोराला मिठी मारली, मला मिठी मारली, भोंग्यालाही थोपटलं. आम्ही त्याच्या स्वैपाकघरात बसलो. खिडकीबाहेर रुळांवरून मालगाडी घाट चढत होती, ताटल्या कपाटात किणकिणत होत्या. म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून निवांत बसलेला. भिंतीला हात लावला नाही, मानही वळवली नाही. मी पाहिलं. ऑर्विल घोंगडी सोडत होता, त्यानं पाहिलं नाही.

मग तो उभा राहिला, भोंगा अंगात घातला आणि वाजवलं. त्या एवढ्याशा खोलीत ते सात सूर! खिडकीच्या काचा घुमल्या, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, माझ्या बरगड्यांत काहीतरी हललं. म्हातारा पोराच्या तोंडाकडं बघत मान डोलवत होता. संपल्यावर म्हणाला, "मस्त! लई मस्त!"

ऑर्विलचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "आणखी एकदा, बाबा?" त्यानं बोट वर करून विचारलं.

"वाजीव की!"

दुसऱ्यांदा त्याला भरून आलं. सहा सूर आले. सातव्याला गाल फुगले, डोळे भरले, पण फुंकर काही निघेना. भोंगा मुका. काचाही थांबल्या. आणि त्या शांततेत म्हातारा मान डोलवतच होता, हळूहळू, मन लावून. गाल खाली बसले तेव्हा थांबला.

"शेवटचा तर लईच ग्वाड," म्हणाला.

ऑर्विलनं भोंगा उतरवला. बापाला जवळ घेतलं. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर थोपटलं, मघाशी भोंग्यावर थोपटलं होतं तसंच.

आम्ही परत निघालो. घाट उतरल्यावर ऑर्विल म्हणाला, "भोंग्यावर हात ठेवायला सांगायचं होतं. हाताला तरी कळलं असतं." मग आणखी काही वेळानं, "क्लेम, मला हजारो माणसं ओरडत असताना ऐकवायचं होतं. तू सांग, त्या ओरड्यात त्यांना ते ऐकू तरी आलं असतं का?"

मी मोटार चालवत राहिलो.

"हितं शांत हाय, म्हणाले होते त्या दिवशी सकाळी," ऑर्विल म्हणाला.

पुढं म्हातारा वारला. ऑर्विल बँडमध्ये आणखी बरीच वर्षं होता. पण आमचा तो रिवाज त्यानं पुढच्याच हंगामापासून मोडला. सामन्याच्या दिवशी, सामना सुरू व्हायच्या आधी, कुणीही म्हटलं, "काका, ते सुरुवातीचं वाजवता का?", की तो वाजवायचा. फाटकावरच्या तिकिटवाल्याला, काठी टेकत आलेल्या बाईला, एकदा तर विरुद्ध संघाच्या मोटार-ड्रायव्हरला. पेटिंगिल साहेब लालबुंद व्हायचे, "ट्रॉस्ट! अपशकुन!" ऑर्विल म्हणायचा, "माझा होऊन गेलाय, साहेब."

एक सवय मात्र त्याला लागली ती कायमची. मागणाऱ्याकडं पाठ करून वाजवायचा. नव्या पोरांना वाटायचं, काका लाजतात. सात सूर संपले की तो भोंग्यासकट तसाच पाठमोरा उभा राहायचा, आणि न वळताच विचारायचा, "आलं का ऐकू?"